फोन घेतोय, कुणाला सांगू नका

बदलापूरहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाने नवा फोन घ्यायचा विचार नुसता मनात आणला, तरी गाडी अंबरनाथला पोचेपर्यंत तो डब्यातल्या सगळ्यांना कळलेला असतो. त्याने तोंडातून चकार शब्द काढलेला नसतो. फक्त काचेच्या कोपऱ्यातल्या तड्यावरून अंगठा जरा जास्त वेळ फिरवलेला असतो. तेवढ्यात समोरच्या बाकावरचे काका पेपर गुडघ्यावर ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “बदलताय?”

इथून पुढे तो फोन तुमचा राहत नाही. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासात आमच्या डब्यात लग्नं जमली आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी पडले आहेत आणि एका गृहस्थांच्या मूळव्याधीचं ऑपरेशन करायचं की नाही हे हात वर करून ठरलं आहे. त्या मानाने फोन किरकोळ.

‘जुनाच बरा’ म्हणणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. त्यांचा एकच सवाल असतो : “आवाज येतो ना? मग झालं.” त्यांच्यातले एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि अजूनही आठवड्यातून दोनदा गाडीत येतात, कशाला ते कुणी विचारत नाही. विषय कुठलाही निघो, ते ३१ जुलै १९९५ वर जातात. त्या दिवशी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. “मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे,” ते सांगतात, “आणि आलेल्या कॉलचेसुद्धा पैसे!” म्हणजे लोक आपला फोन उचलत नसत त्याला तेव्हा निदान सबळ कारण होतं.

‘नवाच घ्या’ म्हणणारे तरुण असतात आणि त्यांना स्वतःला काहीच घ्यायचं नसतं. ते दुसऱ्याच्या पैशाने फार उदार होतात. “काका, दोनशे मेगापिक्सेल घ्या. चंद्रावरचे खड्डे दिसतात.” बदलापूरच्या माणसाला खड्डे बघायला चंद्रापर्यंत जावं लागतं, हे मला नव्याने कळलं.

आणि एक जमात आहे ‘थांबा’ म्हणणाऱ्यांची. गणपतीत विचारलं तर म्हणतात, दिवाळीला सेल आहे, थांबा. दिवाळीत म्हणतात, आता जानेवारीत नवीन मॉडेल येईल, जुन्याची किंमत उतरेल. जानेवारीत म्हणतात, बजेट होऊ दे. १ एप्रिल २०२० ला मोबाइलवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा झाला, तेव्हापासून यांना बजेटची विशेष धास्ती. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह जी सुरू झालं त्या आठवड्यात यांच्यातले एक जण मला म्हणाले होते, “आता सिक्स जीच घेऊ.” ते अजून थांबलेले आहेत. त्यांच्या फोनच्या पाठीला रबरबँड आहे.

अंबरनाथकरांचं मात्र वेगळंच. सकाळी अंबरनाथला गाडीत शिरायची मारामार, म्हणून तिथले पुष्कळ जण आधी उलट्या गाडीने बदलापूरला येतात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की ऐसपैस बसून जातात. याला रिटर्न मारणं म्हणतात. फलाटावर उभा असलेला बदलापूरकर आत बघतो तर त्याच्या गावात, त्याच्या गाडीत, त्याच्या खिडकीत अंबरनाथचा माणूस आधीच डोळे मिटून बसलेला. यावरून रोज सकाळी जे बोललं जातं ते इथे छापता येणार नाही. सांगायचा मुद्दा असा की, पुढे जाण्यासाठी जो माणूस रोज आधी मागे जातो, तो फोनसुद्धा तसाच घ्यायला सांगतो. “नवीन वीस हजाराच्या नादाला लागू नका. दोन वर्षांपूर्वी जो साठला होता तो आता सेकंड हँड बावीसला मिळतो. तो उचला.”

हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. वीस हजाराच्या नव्या फोनला मागे तीन भिंगं असतात खरी, पण त्यातलं एक काम करतं आणि उरलेली दोन पुष्कळदा शोभेला बसवलेली असतात. सरकारी ऑफिसचं कामकाज ज्याला माहीत आहे त्याला याचं आश्चर्य वाटू नये. जुना भारी फोन घेतला तर कॅमेरा खरा मिळतो, आतला प्रोसेसर दमदार मिळतो, हातात धरल्यावर वजन जाणवतं. पण बॅटरी दोन वर्षं राबलेली असते, वॉरंटी संपलेली असते आणि कंपनी ज्याला अपडेट म्हणते तो किती वर्षं येत राहील ते आधी मोजून बघावं लागतं. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं, तेव्हा तरुण मंडळी हे फार कौतुकाने सांगत होती. दुर्दैवाने नेमकी तेव्हा गाडी अंबरनाथला उभी होती. खिडकीतल्या रिटर्नवाल्याने डोळे न उघडता विचारलं, “सातच?” त्याच्या गावात वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. तेव्हापासून त्याला एकही अपडेट आलेला नाही आणि महाशिवरात्रीला तुफान गर्दी होऊनही ते हँग झाल्याचं ऐकिवात नाही.

तर ही झाली बसलेल्यांची चर्चा. उभ्यांचा कायदा निराळा. या लाइनीवर दारात उभं राहून फोन बाहेर काढायचा नसतो, कारण रुळांच्या कडेला कुणीतरी काठी घेऊन उभा असू शकतो. तो हातावर फटका मारतो, फोन खाली पडतो, गाडी पुढे जाते. फोन वाचवायला गेलेली माणसं गाडीतून पडून कायमची जायबंदी झालेली आहेत, त्यामुळे यावर विनोद सुचत नाही. पण परिणाम असा झाला आहे की आमच्याकडे फोनचे मॉडेलवरून नाही, जागेवरून प्रकार पडतात. खिडकीतला फोन, पॅसेजमधला फोन, दारातला फोन. दारातला फोन म्हणजे पडला तर पोलिसांत जायचीसुद्धा गरज वाटू नये असा.

त्यामुळे नवा आला की जुना निवृत्त होतो, हा समज ज्यांनी कल्याणच्या पुढे राहून नोकरी केलेली नाही त्यांचा. आमच्याकडे नवा फोन आला की त्याचीच नोकरी सुटते. तो घरी बसतो. पाहुण्यांचे कप शोकेसमध्ये राहतात तसा तो टीव्हीच्या शेजारी राहतो, आणि चहा मात्र रोज कान तुटलेल्या कपातून, म्हणजे मुंबईला जुनाच फोन. असे संसार मी डब्यात कितीतरी पाहिलेत. आमच्यातल्या एकाने पन्नास हजारांचा फोन घेतला, तो फक्त रविवारी वापरतो. ऑफिसात त्याच्याकडे काळा, चपटा, तोंड वाकडं झालेला फोन बघून साहेबांनी त्याला पगारवाढ दिली, असंही सांगतात, पण ते खरं नसावं. आमच्या ओळखीत पगारवाढ मिळालेला माणूस नाही.

यात एकच अडचण येते ती तिकिटाची. रेल्वेचं तिकीट फोनवर काढता येतं, पण ते ज्या फोनवर काढलं तो फोन टीसीसमोर चालू स्थितीत धरावा लागतो. नव्या फोनवर पास काढून जुना फोन घेऊन आलेला माणूस टीसीपुढे जे भाषण करतो त्यात वीर, करुण आणि हास्य हे तिन्ही रस असतात. फोन बंद पडला तरी तेच. बंद फोनमधलं तिकीट हे तिकीट नव्हे. टेलिफोनवाले काका अजून कागदी पास प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवतात आणि अशा प्रसंगी तो मुद्दाम बाहेर काढून त्याने वारा घेतात.

म्हणजे घोडं शेवटी बॅटरीपाशी येऊन अडतं. बॅटरीचा विषय निघाला की आमच्या डब्यात आवाज खाली येतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. साधारण १०५० माणसं होती गाडीत. सगळी रात्र आणि पुढचा अर्धा दिवस ती पाण्यात होती, मग एनडीआरएफ आणि बाकीच्यांनी बोटींनी एकूण एक प्रवासी सुखरूप बाहेर काढला. तेव्हापासून इथे कुणी फोनचं कौतुक करायला लागलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतो : “चामटोलीला किती तास चालेल?” कंपन्या जाहिरातीत छत्तीस तास व्हिडिओ, शंभर तास गाणी असं काहीबाही सांगतात. चामटोलीचे तास एकाही कंपनीने अजून दिलेले नाहीत.

त्यात बदलापूरचा उन्हाळा. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि मोठ्या अभिमानाने बातम्यांत येतो. ॲपलच्या सूचनेप्रमाणे आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरावा. म्हणजे बदलापुरात एप्रिल-मेमध्ये तो पहाटे साडेपाचपर्यंत वापरावा आणि मग माठाशेजारी ठेवावा. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, ती लवकर थकते. एरवीही पुरते पाचशे वेळा चार्ज केल्यावर तिच्यात मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपासच जीव राहतो असा सर्वसाधारण हिशेब सांगतात. रोज रात्री चार्जिंगला लावणाऱ्या आमच्यासारख्याचे पाचशे दीड वर्षात भरतात. डिसेंबर २०१७ मध्ये तर ॲपलने मान्यच केलं की बॅटरी थकलेला जुना आयफोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग ते मुद्दाम कमी करतात. जगभर गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. मला यात गदारोळ करण्यासारखं काही दिसलं नाही. अचानक बंद पडू नये म्हणून कामाचा वेग मुद्दाम कमी करणं हे आमच्या ऑफिसात पन्नाशीनंतर सगळेच करतात. माफी कुणीही मागितलेली नाही.

इतक्या सगळ्यांचं ऐकून झाल्यावर माणूस मुकाट्याने उल्हासनगरला उतरतो.

उल्हासनगरबद्दल बाहेरच्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात : तिथे फर्निचर स्वस्त मिळतं आणि ‘मेड इन यूएसए’ मधला यू म्हणजे उल्हासनगर. हा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्याचीही फर्स्ट कॉपी निघाली असेल. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना आजही कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच सांगतात. घरदार, शेती, दुकान, सगळं सरहद्दीपलीकडे टाकून आलेल्या ज्या माणसांनी बराकीत संसार पुन्हा चालू करून दाखवला, त्यांच्या गावात ‘हा फोन चालू होणार नाही’ हे वाक्य कुणी उच्चारत नाही. फार तर ‘शाम को आओ’ म्हणतात.

बाजारातल्या एका गल्लीत, दाल-पकवानाच्या गाडीसमोर, तीन माणसं उभी राहतील एवढं दुकान आहे. आत चार असतात. काउंटरवर निळी रबरी चटई, हीट गन, डोळ्याला लावायचं भिंग आणि विशीतला एक मुलगा. त्याने माझा फोन हातात घेतला, चालूही केला नाही, नुसता अंगठा फिरवला आणि निदान सांगितलं.

“बॅटरी फूली है. डिस्प्ले बाहर का है. एक बार खुला हुआ है.”

मी जरा दुखावलो. माझ्या फोनचं चारित्र्य असं भर बाजारात निघेल अशी माझी अपेक्षा नव्हती. फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून जे असतं ते, बदलायला किती लागतील असं विचारलं.

“कौन सा डालूँ? कॉपी, ओरिजिनल, सब है.”

“ओरिजिनल.”

“ओरिजिनल में दो आता है,” तो म्हणाला. “एक ओरिजिनल, एक ओरिजिनल-ओरिजिनल.”

“फरक काय?”

“नौ सौ रुपये.”

इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही कंपनीच्या वेबसाइटवर मिळालेलं नाही. फोल्डर आणि बॅटरी मिळून जो आकडा निघाला तो ऐकून मी नव्याची चौकशी केली. जुना दिला तर किती कमी होतील?

“आठ सौ.”

“अरे, सोळा हजाराला घेतला होता!”

“लिया था ना, अंकल,” तो मायेने म्हणाला. “बेच तो आज रहे हो.”

त्याच्या काउंटरच्या काचेखाली सेकंड हँड फोनांची रांग होती. अंबरनाथवाल्यांच्या सल्ल्याला जागून त्यातला एक भारीपैकी मी बाहेर काढायला लावला. एकही ओरखडा नाही. “डॉक्टर का है,” मुलगा म्हणाला. “कव्हर में ही चलाया है.” शेजारचा? तोही डॉक्टरचा. त्याच्या शेजारचा डॉक्टरच्या मिसेसचा. ज्या गावात एवढे डॉक्टर दर सहा महिन्यांनी फोन बदलतात तिथे पेशंटची काय स्थिती असेल हा विचार माझ्या मनात आला, पण सेकंड हँड मोटारीसुद्धा डॉक्टरांच्याच असतात हे आठवून मी तो बाजूला सारला.

निघताना टेलिफोनवाल्या काकांनी मला बजावून सांगितलं होतं की, वापरलेला फोन घेताना दोन गोष्टी केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून त्याचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर बघायचा आणि आपल्या फोनवरून केवायएम लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ ला मेसेज करायचा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल किंवा नंबर डुप्लिकेट असेल तर सरकारकडून तसं उत्तर येतं. हेच काम संचार साथी या सरकारी पोर्टलवरही होतं. एवढं सोपं असून फार थोडे लोक करतात, याचं कारण दुकानदारासमोर उभं राहून त्याच्या मालाची चौकशी सरकारकडे करायला मराठी माणसाला लाज वाटते. मलाही वाटली. मुलाला मात्र काहीच वाटलं नाही. “करो, करो,” म्हणाला आणि आकडे स्वतः वाचून दाखवायला लागला. मेसेज जाईना, कारण गल्लीत माझी रेंज येत-जात होती. त्याने स्वतःचं वाय-फाय दिलं, पोर्टल उघडून दिलं. फोन स्वच्छ निघाला. डॉक्टरचा नव्हता एवढीच काय ती शंका उरली.

पण तेवढ्यात घरून फोन आला. जुन्या फोनवर. आवाज येत होता.

घरी मी कुणाला काही बोललो नव्हतो, पण डब्यातल्या एका काकांची सून आमच्या हिच्याबरोबर कात्रपच्या योगा क्लासला असते. “अहो, घेतच आहात तर सीलबंद नवीन घ्या,” पलीकडून आज्ञा झाली. “सेकंड हँड घरात नको. आणि घेतलात तर तो चिरंजीवांना देऊ. त्याचा प्रोजेक्ट आहे.”

प्रोजेक्ट कसला हे कॉलेज सुटेपर्यंत कळत नाही, म्हणून मी विचारलं नाही. नवा फोन हप्त्यावर घेतला. हप्तेवाल्याने आधार, पॅन आणि माझा एक सेल्फी घेतला. त्यात मी आधारवरच्यापेक्षा अधिक गुन्हेगार दिसत होतो. मग ओटीपी. तो येणार जुन्या फोनवर, आणि जुना फोन नेमका त्या क्षणी विचारात पडलेला. नवा फोन घ्यायला जुना फोन सुस्थितीत असावा लागतो ही गोष्ट ‘थांबा’वाल्यांना माहीत असती तर ते इतके थांबले नसते.

घरी जाऊन वाटप सुरू झालं. नवा चिरंजीवांना. चिरंजीवांचा हिला, कारण त्याचा कॅमेरा बरा आहे आणि हिचे रेसिपीचे व्हिडिओ धुरकट येतात. हिचा मला. माझा आईला. आईचा सर्वांत जुना, तो दारातला फोन म्हणून माझ्याच बॅगेत. हा सगळा व्यवहार माझ्या पगारातून होणार होता आणि त्याच्या शेवटी माझ्या हातात हिचा तीन वर्षांचा आणि आईचा सात वर्षांचा असे दोन फोन पडणार होते. जुना की नवा यावर मी डब्यात इतके दिवस जो खल केला त्यातला नवा हा शब्द माझ्या बाजूने कुणी काढून टाकला ते मला कळलंच नाही. हिच्या फोनमध्ये बारा हजार फोटो होते, त्यातले अर्धे शुभ सकाळचे, ते काढायचे नाहीत या अटीवर तो मला मिळत होता.

तरी मी तयार होतो. अडलं ते आईपाशी.

“मला नको,” ती म्हणाली. “माझा चांगला आहे.”

“आजी, याच्यावर व्हॉट्सॲप बंद होणार आहे,” चिरंजीव म्हणाले.

“मागल्या वर्षीपण म्हणाला होतास.”

आईच्या फोनवर लिहिलेलं तिला दिसत नाही, त्यामुळे ती वाचत नाही. तिला जागा पाठ आहेत. वरून दुसरं हिरवं म्हणजे भजनी मंडळ, त्याच्या खाली डाव्या हाताला माझी बहीण, उजवीकडे जे निळं आहे त्याला हात लावायचा नाही. कंपनीचे इंजिनियर यालाच बहुधा इंटरफेस म्हणतात आणि तो सोपा करण्यासाठी दरवर्षी बदलतात. तिने हा नकाशा काही महिने खपून बसवला होता आणि आता आम्ही तिचं गावच उठवायला निघालो होतो.

आईने फोन घेतला नाही तर माझा फोन मोकळा होत नाही. माझा झाला नाही तर मला हिचा मिळत नाही, हिला चिरंजीवांचा मिळत नाही आणि नव्या फोनचं सील फुटत नाही. एकदा तरी कल्याणच्या आउटर सिग्नलला उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. पुढे एक गाडी हलत नाही म्हणून मागे कर्जतपर्यंत सगळ्या तटलेल्या. डब्यात ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी पोचली. ‘जुनाच बरा’वाल्यांनी आईला दुरूनच पक्षात घेतलं.

तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर आई अटी घालून कबूल झाली. भजनी मंडळ वरून दुसरंच पाहिजे. निळं नको. अक्षर एवढं मोठं की एका वेळी एकच शब्द दिसला तरी चालेल. आणि पोपट पाहिजे.

पोपट म्हणजे तिची रिंगटोन. तिला फोन आला की आधी पंखांची फडफड होते, मग पोपट “विठ्ठल, विठ्ठल” म्हणतो आणि शेवटी जरासा खाकरतो. फोन घेतानाच दुकानदाराने तो भरून दिला होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असली तरी तिला ते खाकरणं ऐकू येतं. चिरंजीवांनी जुना फोन आतून-बाहेरून धुंडाळला. ती फाइल कुठेही सापडली नाही. वाजत मात्र होती.

“उल्हासनगरात काय मिळत नाही?” ही म्हणाली. तेव्हा मी फोन घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेलो. मुलाने पोपटाचं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं. खाकरण्याचा भाग त्याने दोनदा विचारला. मग आत जाऊन कुठल्याशा जुन्या कॉम्प्युटरवरून त्याने एक पोपट शोधून आणला, फोनमध्ये घातला, वाजवून दाखवला. फडफड होती. विठ्ठल होता. खाकरणंसुद्धा होतं. मी खूश होऊन पैसे विचारले. पन्नास म्हणाला. वर म्हणाला, “अंकल, ये ओरिजिनल-ओरिजिनल है.”

घरी सगळे गोळा झाले. हिने आईच्या नव्या, म्हणजे माझ्या जुन्या फोनवर रिंग दिली. आईने डोळे मिटून पोपट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पुन्हा एकदा लावायला लावला, पुन्हा ऐकला.

“हा डुप्लिकेट आहे,” ती म्हणाली आणि सिम काढून परत तिच्या फोनमध्ये घालायला सांगितलं.